सरकणारा षड्ज

एक कोडं घालते. आमचे नाना, म्हणजे माझ्या अम्मीचे वडील, खडखडणाऱ्या डिझेलच्या ट्रकमध्ये बसले की पाच मिनिटांत घोरायला लागतात. आता २०४६ साली असे ट्रक राहिलेत किती म्हणा! पण तंबोऱ्याचे भोपळे घेऊन मिरजेला येणारा एक म्हातारा ट्रक अजून आहे. त्याच नानांना विजेवर चालणाऱ्या चिडीचूप गाडीत बसवा. दहा मिनिटांत कपाळ धरून म्हणतील, "थांबव गं बाई, उतरतो मी." जास्त आवाजात झोप आणि कमी आवाजात डोकेदुखी! हे कसं काय?

घाई करू नका. मलाही आलं नव्हतं, आणि मी वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी. माझं नाव तहसीन, इयत्ता सातवी. या पोरीच्या जिभेला हाड नाही, असं आमच्या वर्गाच्या बाई म्हणतात. घरी अब्बा, नाना आणि मी. अब्बा दिवसभर दवाखान्यात असतात, त्यामुळे माझी सगळी बडबड नानांच्या वाट्याला येते.

आणि अम्मी? अम्मी चंद्रावर आहे. थट्टा नाही करत. ती भूशास्त्रज्ञ आहे, म्हणजे दगडांची डॉक्टर. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीखाली बर्फ कुठं दडलाय, ते ती विजेच्या चांद्रगाडीत बसून शोधते. सात महिने झाले होते तिला जाऊन. घरात तिची चादर, तिचा कप, तिची चप्पल, सगळं जागच्या जागी होतं, आणि मला त्यातलं काहीच बघवत नव्हतं. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी बारा मिनिटं तिच्याशी बोलता यायचं. तेसुद्धा कसं? माझा आवाज चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद आणि तिचा परत यायला सव्वा सेकंद. म्हणजे "अम्मी, जेवलीस का?" विचारायचं आणि अडीच सेकंद वाट बघत बसायचं. अडीच सेकंद म्हणजे काहीच नाही, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमची आई घरात आहे.

तर एका रविवारी अम्मी म्हणाली, "नाना, माझी गाडी फार छळते हो. सारखं कुंईऽऽ कुंईऽऽ. एकाच वेगानं चालवून तिचा आवाज टिपून पाठवलाय, ऐका जरा. डोकं फुटायची वेळ आलीय. झोपले तरी कानात तेच वाजतं."

नानांनी आवाज ऐकला आणि त्यांचे डोळे चमकले. का ते सांगते.

नाना पन्नास वर्षं तंबोरे बनवतात. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सगळं स्वतः. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानसून कानसून अशी बेताची गोलसर करायची आणि तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, की तार नुसती 'टण्' वाजत नाही, भरून येते. त्याला जवारी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी विजेच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या इंजिनियर वैजयंतीबाई नानांचा पत्ता शोधत आल्या. त्यांना नानांच्या तंबोऱ्याचा नाद गाडीत घालायचा होता. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि खूप हसले होते. गाडीत हॉर्न घालतात, तंबोरा कशाला?

"हसू नको. बस की इथं," त्या रविवारी नाना म्हणाले. "तुझ्या अम्मीचं दुखणं आणि माझं दुखणं एकच आहे. आधी सांग, जुन्या गाडीत आवाज कशाचा?"

"इंजिनाचा. घर्रर्र."

"त्या घर्ररमध्ये जाड, बारीक, मधले असे शंभर आवाज एकदम. त्याच गाडीत पंखा फिरतो, पंप चालतो, दात्यांची चाकं एकमेकांत अडकून फिरतात. त्यांचे आवाज यायचे कधी?"

"नाही."

"ते होते गं! घर्ररखाली झाकलेले होते. विजेची गाडी आली, घर्रर गेलं आणि झाकण उडालं. आता प्रत्येक बारीक कुरकूर उघडी पडली."

मी म्हटलं, "पण नाना, ती कुरकूर तर एवढीशी असते."

"एवढीशीच असते. डास केवढा असतो?"

मी नकळत कानाशी हात झटकला.

मग नानांनी अम्मीच्या आवाजाचं गणित मांडून दाखवलं. तिच्या गाडीच्या मोटरीवर तेवीस दात्यांचं एक चाक आहे. ते एकदा फिरलं की तेवीस दाते समोरच्या चाकावर टकटक करतात. सेकंदाला पन्नास फेरे झाले, तर तेवीस गुणिले पन्नास, म्हणजे साडेअकराशे टकटकी. इतक्या भराभर टकटक झाली की कानाला ती सुटी ऐकू येत नाही, तिचा एक सूर होतो. सेकंदाला किती कंपनं, याला वारंवारता म्हणतात (कंपनं जितकी जास्त, सूर तितका बारीक). तोच अम्मीचा कुंईऽऽ. पृथ्वीवर निदान वारा असतो, डांबरी रस्त्यावर टायर घासतात, त्यांच्या आवाजानं थोडंफार झाकलं जातं. चंद्रावर हवाच नाही. बाहेर नुसती शांतता, आणि गाडीच्या बंद खोलीत लोखंडातून चढून आलेला तो एकटा कुंईऽऽ. बिचारी अम्मी!

"मग त्याला पुसून टाका की," मी म्हटलं. "उलट आवाज सोडायचा. लाट वर असेल तिथं आपली खाली. दोन्ही मिळून शून्य! पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे, खरं आहे. जाड आवाजाला ते चालतं, कारण त्याची लाट लांबलचक असते. बारीक आवाजाची लाट आखूड. मान चार बोटं वळवली की वर-खालीचा मेळ बिघडला. आणि तुझी अम्मी मान वळवल्याशिवाय राहील?"

अजिबात नाही. दोन्ही बाजूंचे दगड कोण बघणार?

"म्हणून पुसायचं नाही, झाकायचं. याला नाद-आच्छादन म्हणतात (एका आवाजानं दुसरा आवाज कानाआड करणं)." असं म्हणून नानांनी माझ्या फोनवर तो बारीक कुंईऽऽ लावला आणि तंबोरा मांडीवर घेऊन छेडला. आणि कुंईऽऽ गेला! मी फोन उचलून बघितला. चालूच होता. नानांनी तारांवर हात ठेवला, की परत कुंईऽऽ. छेडला की गायब. मी पाच वेळा करायला लावलं.

"गेला कुठं पण?"

"कुठं जाणार? तिथंच आहे. तुझा कान त्याला दाद देत नाही, एवढंच."

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते, तिचं नाव शंखिका. तिच्यात प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते, बारीक सूर दाराशी, जाड सूर आतल्या टोकाला. शेजारशेजारच्या सुरांना शेजारशेजारच्या जागा, आमच्या वर्गातल्या बाकांसारख्या. एका बाकावरची मुलगी मोठ्यानं बोलत असली (मी), की त्याच बाकावरच्या दुसरीचं कुजबुजणं बाईंपर्यंत पोचत नाही. लांबच्या बाकावर कोणी कुजबुजलं तर मात्र पोचतं. म्हणजे झाकणारा सूर झाकायच्या सुराच्या जवळपास हवा. आणि गंमत म्हणजे, जाड सूर आपल्यापेक्षा बारीक सुरांना जितकं सहज झाकतो, तितकं बारीक सूर जाडाला झाकू शकत नाही.

"आणि तंबोरा का, ते कळलं का आता?" नाना म्हणाले. "जवारी लागली की एका तारेतून एकच सूर निघत नाही. मूळ सुराच्या पोटातनं एकावर एक कितीतरी उपस्वर निघतात (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूर). कुंई कुठंही असू दे, त्याच्या बाकावर माझा एक सूर बसवता येतो. आवाज चढवावा लागत नाही. नुसता भोंगा लावून झाकायचं म्हटलं तर रोगापेक्षा इलाज भयंकर."

चार दिवस नाना खोलीतून उठले नाहीत. धागा सरकव, ऐक, परत सरकव. त्यांचा एक उपस्वर बरोबर साडेअकराशेवर बसला तेव्हा त्यांनी मला मिठीच मारली. नाद चंद्रावर गेला. पुढच्या मंगळवारी अम्मीनं तो गाडीत लावला. बुधवारी सकाळी नाना नमाजाहून परत यायच्या आत तिचा फोन आला.

"तहसीन, नाना नाहीत ना तिथं? त्यांना सांगू नको हं. डोकं जास्तच दुखायला लागलंय. नाद इतका गोड आहे गं, सुरुवातीला मला रडू आलं. पण थोड्या वेळानं काय होतं कोण जाणे, सगळं थरथरायला लागतं, बेसूर होतं. आधीचं परवडलं." मग जरा थांबून म्हणाली, "इथले डॉक्टर म्हणतात, रविवारपर्यंत फरक पडला नाही तर सोमवारच्या यानानं परत जायचं. माझ्या जागी दुसरं कुणीतरी येईल."

खरं सांगू? मला इतका आनंद झाला की मी फोन हातात धरून जागच्या जागी उडी मारली. सोमवार! चार महिन्यांनी नाही, सोमवारी!

"बर्फ सापडला का गं?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"एका खड्ड्यावर येऊन थांबलेय. सगळ्या खुणा जुळतात. जाऊ दे," अम्मी म्हणाली.

फोन ठेवला आणि मी अम्मीची चादर धुवायला टाकली. टाकता टाकता एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नको तेव्हा पडतो.

अम्मीची गाडी एका वेगानं कधी चालते? ती इथं गाडी चालवायची तेव्हा मी शेजारी असायचे ना! एक डोळा रस्त्यावर आणि एक दगडावर. वळणावर काळा खडक दिसला की गाडी हळू, पांढरी रेघ दिसली की आणखी हळू, मग "काही नाही गं" म्हणत एकदम पुढं. मागचे लोक हॉर्न मारून मारून थकायचे. मोहिमेच्या कागदावर लिहिलं होतं, 'चांद्रगाडीचा वेग ताशी पंधरा किलोमीटर', आणि नानांनी ते खरं धरलं होतं. पण वेग कमी झाला की मोटरीचे फेरे कमी. पन्नासाचे चाळीस झाले तर तेवीस चोक ब्याण्णव, म्हणजे नऊशे वीस! कुंईऽऽ साडेअकराशेच्या बाकावरून उठून खाली चालला, आणि नानांचा सूर बसलाय आपल्या जागेवर. आणि वेग जरासाच हलला, म्हणजे दोन सूर अगदी जवळ असून जुळत नसले, की त्यांची थरथर ऐकू येते, त्याला स्पंद म्हणतात. तंबोरा जुळवताना नाना तीच थरथर ऐकून तार पिळतात. तंबोरेवाल्याच्या लेकीला दिवसभर ती ऐकायला लागली तर डोकं दुखणार नाही तर काय!

आणि नानांना हे सुचलं कसं नाही? सुचायला हवं होतं. कंपनीच्या गाड्यांत संगणक मोटरीचा वेग बघतो आणि नानांचा नाद त्या वेगाबरोबर वर-खाली सरकवतो. त्यावरून नानांचं आणि वैजयंतीबाईंचं कडाक्याचं भांडण झालेलं. "षड्ज म्हणजे घराचा उंबरा. उंबरा कधी चालायला लागतो काय?" षड्ज म्हणजे सा, तंबोऱ्याचा मुख्य सूर. एकदा लावला की गाणं संपेपर्यंत तो हलत नाही. नानांच्या पन्नास वर्षांत तो हलला नव्हता. 'एकच वेग' असं कागदावर दिसल्यावर त्यांना बरंच वाटलं असणार. कंपनीनं ऐकलं नाही, लेकीच्या गाडीत तरी आपल्या मनासारखं करू.

म्हणजे चूक मला कळली होती. नानांना एक वाक्य सांगितलं की काम झालं असतं.

मी नाही सांगितलं.

बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शाळेतून आले की कॅलेंडर बघायचे आणि गप्प बसायचे. अम्मीला विमानतळावर कुठला ड्रेस घालून आणायला जायचं, हेसुद्धा ठरवलं. तुम्ही मला वाईट म्हणा. सात महिने आईशिवाय राहून बघा आणि मग म्हणा.

गुरुवारी मोहिमेकडून नानांना पत्र आलं. नादामुळे त्रास वाढला, तरी आपल्या कष्टांबद्दल आभारी आहोत, असं काहीतरी. नानांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवलं. शुक्रवारी मी शाळेतून आले, तर नाना खिडकीत तंबोरा घेऊन बसलेले. एक तार छेडायचे, कान लावायचे, परत छेडायचे.

"तहसीन," ते म्हणाले, "ही तार लागलीय काय गं?"

नाना मला विचारत होते! ज्यांच्याकडे मोठमोठे गवई तंबोरा जुळवायला येतात ते, मला, सातवीतल्या पोरीला!

"मला लागल्यासारखी वाटते," ते म्हणाले. "पण त्या दिवशीही वाटलंच होतं की. कान गेले बघ माझे. लेकीला औषध म्हणून दुखणं पाठवलं मी." त्यांनी कानस, धागे, खुंट्यांचा डबा, सगळं एका फडक्यात बांधून ठेवलं होतं.

मी भोकाडच पसरलं. हुंदके देत देत मी सगळं सांगितलं. काळा खडक, पन्नासाचे चाळीस, नऊशे वीस, सोमवार, चादर, सगळं. मला वाटलं, आता धपाटा बसणार.

नानांनी तीच तार परत एकदा छेडली. मग म्हणाले, "म्हणजे कान शाबूत आहेत?"

"हो."

"अक्कल गेली होती म्हणायची." त्यांनी माझे डोळे आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसले. "आणि तू गप्प बसलीस, ते मला कळतं बाळ. माझी पण लेकच आहे ती. मला काय ती लवकर यायला नको होती?"

मग त्यांनी फोन उचलला. वैजयंतीबाईंना म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं. षड्ज सरकवायला शिकवा मला." पलीकडून धप्पकन आवाज आला. बहुतेक त्या खुर्चीवरून पडल्या असाव्यात.

शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत दोघं फोनवर होते. मोटर जितकी पळेल तितका नाद चढेल, ती मंदावली की उतरेल, गाडी थांबली की हळूच विझेल. कुंईऽऽ कुठल्याही बाकावर जाऊ दे, नानांचा सूर त्याच्या आधी तिथं हजर. नानांनी ऐकून बघितलं, तोंड वाकडं केलं, परत ऐकलं. "गवई श्वास घेतो तसं वाटतंय जरा," ते म्हणाले. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक मिळत नाही. तीन वाजता नाद चंद्रावर गेला.

रविवारी सकाळी फोन वाजला. नाना मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहिले.

"अम्मी, कुंई ऐकू येतो का?"

अडीच सेकंद.

"नाही गं! काल सात तास गाडी चालवली. चढ, उतार, दगड, सगळीकडं थांबत थांबत. रात्री अशी झोपले की इथल्या लोकांनी येऊन हलवलं. आणि तहसीन, त्या खड्ड्यात उतरायला डॉक्टरांनी परवानगी दिली. तिथं बर्फ निघाला ना, तर पुढं इथं माणसांना पाणी पृथ्वीवरून आणावं लागणार नाही. तुझ्यासारख्या पोरीसुद्धा येऊन राहतील. नानांचा नाद इथल्या चारही गाड्यांत बसवणार आहेत!"

"म्हणजे तू उद्या निघत नाहीस."

"नाही. एकशे वीस दिवसांनी."

"बरं," मी म्हटलं, आणि बोलत सुटले. वर्गात काय झालं, बाई काय म्हणाल्या, अब्बांनी भात कसा करपवला, शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली, त्यांतली दोन काळी, एक पांढरं. श्वाससुद्धा घेत नव्हते.

"तहसीन," अम्मी म्हणाली. "जरा गप्प बस बघू."

मी गप्प बसले. आणि मग माझं रडणं तिला ऐकू गेलं. ते काही आत्ता सुरू झालं नव्हतं. सात महिने बडबडीखाली तिथंच होतं.

"अम्मी," मी म्हटलं, "चूक मला बुधवारीच कळली होती. मी शुक्रवारपर्यंत सांगितली नाही. तू परत यावीस म्हणून."

अडीच सेकंद झाले. पाच झाले. मला वाटलं, फोन तुटला.

"मला पण एक सांगायचंय," अम्मी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "बुधवारपासून डोकं ठणकायला लागलं की मी मनात म्हणायचे, दुखू दे. अजून दुखू दे. म्हणजे सोमवारी निघता येईल, तहसीन भेटेल."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"आता नाही ना दुखत?"

अडीच सेकंद.

"डोकं नाही दुखत," अम्मी म्हणाली.